खेकड्यांमुळे धरण फुटतं का? मातीच्या छोट्या धरणांचा धोका कसा ओळखायचा

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. धरणाखालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. भिंतीला गळती असल्याची तक्रार आधीच केली होती, असं गावकऱ्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं कारण दिलं. सोशल मीडियावर त्याची भरपूर खिल्ली उडाली. पण खेकडे खरंच धरण फोडू शकतात का?

उत्तर: बीळ करू शकतात, पण बीळ एका रात्रीत होत नाही

मातीचं धरण म्हणजे दाबून बसवलेल्या मातीचा भराव. मध्यभागी पाणी अडवणाऱ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण आणि पाण्याच्या बाजूला लाटांचा मारा झेलणारं दगडी पिचिंग, अशी त्याची साधारण रचना असते. अशा भरावात थोडं पाणी झिरपतंच. ते वाहून नेण्यासाठी पायथ्याशी निचऱ्याची सोयही केलेली असते.

झिरपणारं पाणी सोबत मातीचे कण नेऊ लागलं, की धोका सुरू होतो. आत बारीक पोकळी तयार होते. पोकळी मोठी झाली की पाण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की पोकळी आणखी रुंदावते. शेवटी वरचा भराव खचतो. खेकडे, घुशी यांची बिळं आणि झाडांची कुजलेली मुळं पाण्याला अशी वाट मोकळी करून देतात. म्हणजे कारण शास्त्राला धरून असू शकतं. पण बिळं वेळेत शोधून बुजवणं हा देखभालीचाच भाग आहे. त्यामुळे खेकड्यांवर बोट ठेवल्याने तपासणीचा प्रश्न संपत नाही.

धरण फुटण्याचं दुसरं मोठं कारण कोणतं?

पाणी भिंतीवरून वाहणं. काँक्रीट किंवा दगडी धरण काही काळ हे सोसू शकतं. मातीचा भराव मात्र वरून पाणी गेलं की झपाट्याने कापला जातो. जादा पाणी सुरक्षित बाहेर काढण्यासाठी सांडवा असतो. त्यात झुडपं वाढली, गाळ साचला किंवा मासे अडवण्यासाठी कुणी बांध घातला, तर अतिवृष्टीत पाणी भिंतीचा माथा गाठू शकतं.

धरण जुनं म्हणजे धोकादायक का?

तसं सरसकट म्हणता येत नाही. मुंबईतल्या विहार तलावाचे मातीचे बांध १८६० च्या सुमाराचे आहेत आणि आजही उभे आहेत. उलट १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत धरण नवंकोरं होतं आणि पहिल्यांदाच भरत होतं.

तरीही वयाबरोबर काही गोष्टी बिघडतात. भराव खचून माथ्याची उंची कमी होते, पिचिंगचे दगड निसटतात, भिंतीतून जाणारा कालव्याचा जुना पाइप गंजतो किंवा त्याला तडे जातात. पाइपच्या कडेने पाणी वाट काढू लागलं, तर बाहेरून ते लवकर दिसतही नाही.

कायदा काय सांगतो?

धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार १५ मीटरपेक्षा उंच धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणं काही अटींवरच कायद्यात येतात. उदाहरणार्थ, माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर असेल तर. त्याहून लहान तलाव आणि बंधारे या कायद्याबाहेर राहतात. त्यांच्याकडे लक्ष देणं मालकी असलेल्या यंत्रणेवर आणि जवळ राहणाऱ्या लोकांवर येतं.

कोणत्या खुणा दिसल्या तर सावध व्हायचं?

- गळतीचं पाणी गढूळ येणं किंवा अचानक वाढणं. स्वच्छ आणि स्थिर झिरपण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.
- कोरड्या उतारावर नवी ओल, दलदल किंवा एकाच पट्ट्यात हिरवंगार गवत.
- माथ्यावर खड्डा, लांब भेग किंवा खचलेला भाग.
- उताराची माती घसरणं किंवा पायथ्याशी जमीन फुगणं.
- साठ्यात भिंतीजवळ पाण्याचा भोवरा.
- भिंतीवर मोठी झाडं, बिळं, सांडव्यात अडथळे.

खूण दिसली तर काय करायचं?

तारीख आणि जागा कळेल असे फोटो काढून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. महाराष्ट्रात साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे असतात. नेमकी माहिती तलाठी किंवा ग्रामपंचायतीकडे विचारता येते.

पाणी गढूळ येत असेल किंवा भिंत खचत असेल, तर अर्जाची वाट न पाहता जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावं आणि नदीकाठच्या घरांना लगेच सावध करावं. गळतीच्या तोंडावर स्वतःच माती टाकून ती बंद करू नये. अडलेलं पाणी दुसरीकडून वाट काढतं. पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, यासाठी अभियंते वाळू-खडीचे थर वापरतात.

वेळेत दखल घेतली तर काय होतं?

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बांधकाम सुरू असलेल्या कारम धरणाला गळती लागली. प्रशासनाने १८ गावं रिकामी केली आणि बाजूने चर खोदून पाणी सोडून दिलं. धरणाचं नुकसान झालं, शेतांत पाणी शिरलं, पण जीवितहानी झाली नाही. गळती तिवऱ्यातही दिसली होती.