अमेरिकन वसाहतींच्या बंडाची कारणे

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील तेरा वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी ब्रिटिश सत्तेपासून स्वातंत्र्य जाहीर केले. या संघर्षाचे मूळ सप्तवार्षिक युद्धाच्या (१७५६–६३) खर्चात होते. युद्धात विजय मिळाला, पण ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. वसाहतींच्या संरक्षणाचा काही भार वसाहतींनीच उचलावा, असे ब्रिटिश सरकारने ठरविले. १७६३ च्या राजघोषणेने ॲपालॅचिअन पर्वताच्या पश्चिमेस वस्ती करण्यास मनाई केल्याने नव्या जमिनींवर डोळा असलेले वसाहतवाले दुखावले गेले.

१७६५ च्या मुद्रांक कायद्याने वर्तमानपत्रे, कायदेशीर दस्तऐवज, एवढेच नव्हे तर खेळण्याच्या पत्त्यांवरही कर बसविला. वसाहतींचा आक्षेप कराच्या रकमेपेक्षा तो लादण्याच्या अधिकारावर होता : ज्या संसदेत आपले प्रतिनिधी नाहीत, तिला आपल्यावर कर बसविता येणार नाही. ब्रिटिश मालावरील बहिष्कारामुळे १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. मात्र वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपला अधिकार संसदेने त्याच वेळी ठासून सांगितला.

१७७३ च्या चहा कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला सवलती मिळाल्या; त्याच्या निषेधार्थ मॅसॅचूसेट्समधील बोस्टन बंदरात वसाहतवाल्यांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बंदर बंद करून मॅसॅचूसेट्सच्या स्वशासनाचा संकोच करण्यात आला. इतर वसाहतींनी त्यात आपलेही भवितव्य पाहिले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन येथे लढाईस तोंड फुटले. तरीही अनेकांना समेटाची आशा होती. टॉमस पेन याच्या कॉमन सेन्स (१७७६) या पुस्तिकेने राजेशाहीवरच हल्ला चढवून लोकमत स्वातंत्र्याकडे वळविले.