न कापलेले मडगार्ड: ब्रॉन्को, बाहा आणि हत्यारांची निवड

१/ जुन्या फोर्ड ब्रॉन्को गाड्यांच्या जाहिरातींत एक शब्द वारंवार भेटतो: ‘अनकट’. ज्या गाडीचे मागचे मडगार्ड कधीच कापले गेले नाही, ती अनकट. चाहते तिच्यासाठी जास्त किंमत मोजतात. न कापलेपण हाच गुण ठरावा, इतकी ही कापाकापी सर्रास का झाली? आणि कोणत्या हत्यारांनी? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ ऑगस्ट १९६५ मध्ये फोर्डने ब्रॉन्को जाहीर केली. जीप सीजे-५ आणि इंटरनॅशनल स्काउट हे तिचे प्रतिस्पर्धी. गाडी लहान चणीची. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अवघे ९२ इंच. मागच्या चाकावरची कमान मात्र ठेंगणी होती. कारखान्यातून आलेल्या टायरला ती पुरत असे, त्याहून बऱ्याच मोठ्या टायरला नव्हे.

३/ मोठ्या टायरची ओढ वाढवली ती वाळवंटाने. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात तिहुआना ते ला पास अशी पहिली ‘मेक्सिकन १०००’ शर्यत झाली. मोठा टायर दगडधोंड्यांवरून सहज जातो आणि गाडीचे पोट उंच ठेवतो. पण खड्ड्यात स्प्रिंग दबली की तोच टायर कमानीच्या धारेवर घासतो आणि फाटतो. टायर वाचवायचा तर पत्र्याला माघार घ्यावी लागते.

४/ १९६९ ची शर्यत लॅरी मायनर आणि रॉड हॉल यांनी ब्रॉन्कोतूनच जिंकली. लाँग बीचचे बिल स्ट्रॉप या गाड्या शर्यतीसाठी सजवीत. १९७१ पासून त्यांची ‘बाहा ब्रॉन्को’ विक्रीस आली: कमानी कापून मोठ्या केलेल्या, वर फ्लेअर नावाच्या रुंद कडा बसवलेल्या. १९७१ आणि १९७२ मध्ये पार्नेली जोन्स व स्ट्रॉप यांनी ‘बिग ऑली’ या खास बांधणीच्या ब्रॉन्कोतून विजय मिळवला. विजेत्याचे रूप सर्वांनाच हवे असते. घरोघरच्या गॅरेजांत पत्रा कापला जाऊ लागला.

५/ आता हत्यारे. सर्वांत साधी ती पत्रा कापायची कात्री. तिचा दुहेरी तरफेचा प्रकार आजही ‘एव्हिएशन स्निप्स’ म्हणून ओळखला जातो, कारण तो विमानांच्या पत्र्यासाठी घडला. लाल मूठ डावीकडच्या वळणाला, हिरवी उजवीकडच्या, पिवळी सरळ रेषेला. ठिणगी नाही, उष्णता नाही. मात्र दुहेरी पत्र्यापुढे तिचे बळ संपते.

६/ जिगसॉचा जन्म शिलाई यंत्रातला. १९४६ साली स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीचे अभियंते आल्बर्ट काउफमान यांनी पत्नीच्या यंत्रात सुईऐवजी करवतीचे पाते बसवले, असे सांगतात. कमानीच्या वळणावर ती छान फिरते. परंतु पातळ पत्रा थरथरतो आणि रंग ओरखडतो. रंगावर चिकटपट्टी लावूनच ती चालवावी.

७/ अँगल ग्राइंडर १९५४ मध्ये जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीने आणला. पातळ चकती लावली की दुहेरी पत्राही झटपट कापला जातो. किंमत मोजावी लागते ती ठिणग्यांची: काच, रंग, वायरी आणि पेट्रोलची टाकी, सर्वांनाच धोका. १९५० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेला प्लाझ्मा कटर त्याहून वेगवान. पण त्याची ज्वाला आतल्या बाजूच्या लेपालाही आग लावू शकते.

८/ मग निवड कशी करावी? वेगावरून हत्यार निवडू नये. चूक सुधारण्याची सवड कोणते देते, ते पाहावे. टायर बसवून, स्प्रिंग दाबून, स्टिअरिंग पूर्ण वळवून आधी घासण्याची जागा शोधावी. रेघ आखून तिच्या आतच कापावे. बाहेरच्या एकेरी पत्र्याला कात्री किंवा जिगसॉ, दुहेरी जोडाला ग्राइंडर, शेवटची धार कानशीने. उघडा पडलेला जोड पुन्हा वेल्ड करून प्रायमर लावावा. अन्यथा गंज तिथूनच शिरतो.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो तो यापुढचा. कापलेल्या ब्रॉन्कोला नवा पत्रा जोडून ‘मूळ रूप’ दिले, तर १९७० च्या दशकातील बाहाची खूण आपण पुसतो. अनकट गाडी आज कापली, तर दुर्मीळ झालेला पुरावा नष्ट करतो. दोन्ही कृती परत न फिरणाऱ्या आहेत.

१०/ म्हणून माझे मत असे: कापलेली कमान तशीच जपावी, आणि न कापलेल्या गाडीला तिच्या कमानीत मावेल एवढाच टायर घालावा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पत्रा कापला, त्यांच्यासाठी ती नुसती एक कामाची गाडी होती. आपल्याला तसे म्हणता येत नाही.