मान्रेसाची शाळा



रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले आम्हां शिक्षकांना एक प्रश्न हटकून विचारतात : देव संतांशी बोलायचा, मग आपल्याशी का बोलत नाही? मोठी माणसे असे उघड विचारत नाहीत. पण प्रार्थनेत मनात आलेला विचार देवाचा की आपलाच, ही शंका त्यांनाही असते. आम्हांलाही आहे. म्हणून आज संत इग्नेशिअस लोयोला यांच्या आयुष्यातील काही वर्षे पाहू.

इग्नेशिअस स्पेनच्या बास्क प्रदेशातील सरदार घराण्यातले. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला त्यांनी शूरांच्या कथा मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना गोड वाटे, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांप्रमाणे यरुशलेमला जावे, हा विचार मात्र येऊन गेल्यावरही आनंद ठेवून जाई. हा फरक ध्यानात येणे हाच त्यांचा पहिला धडा.

मार्च १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात पवित्र मरियेच्या वेदीपुढे त्यांनी रात्र जागवली, तलवार तिथेच ठेवली, भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले आणि गोणपाटाचा झगा घालून ते मान्रेसा गावी आले. थोडे दिवस राहणार होते. राहिले जवळजवळ अकरा महिने.

ते सगळे महिने उजेडाचे होते असे समजू नये. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, भीक मागून जेवण. पापनिवेदन करूनही एखादे पाप सांगायचे राहिले असेल, या शंकेने ते इतके पोळले की जीव नकोसा झाला. आठवडाभर त्यांनी अन्नपाणी सोडले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपवास मोडायला सांगितला, तेव्हा मोडला. (अशा हट्टी माणसाने हे ऐकले, हे आम्हांला त्या उपवासापेक्षा मोठे वाटते.)

याच काळात भरदिवसा त्यांना हवेत काहीतरी दिसे : सापासारखे, फार सुंदर, डोळ्यांसारखे अनेक ठिपके चमकणारे. पाहताना समाधान वाटे, नाहीसे झाले की खिन्नता येई. मग एके दिवशी गावाबाहेरच्या संत पौलाच्या मंदिराकडे जाताना ते कार्दोनेर नदीकडे तोंड करून बसले. नदी खाली खोल वाहत होती. दर्शन असे काही झाले नाही. पण श्रद्धेच्या आणि विद्येच्या कितीतरी गोष्टी एकाएकी समजल्या, इतक्या की सारे नवे वाटू लागले. जन्मभरात देवाकडून मिळालेले सगळे एकत्र केले तरी त्या एका वेळेची बरोबरी होणार नाही, असे ते साठी ओलांडल्यावर सांगत. आभार मानायला ते जवळच्या क्रुसापुढे गुडघे टेकून बसले. तिथे ते सापासारखे पुन्हा दिसले. आता त्यात ते सौंदर्य नव्हते. हा सैतान, हे त्यांनी ओळखले.

असा अनुभव आलेला माणूस पुढे शिष्य जमवील, असे आपल्याला वाटते. यरुशलेमची यात्रा करून परतल्यावर १५२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हे गृहस्थ बार्सेलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले! पाठांतर करू लागले की मनात नवनवे आध्यात्मिक विचार दाटत आणि धडा राहून जाई. प्रार्थनेत, मिस्सामध्ये असे विचार येत नसत. मग व्याकरणाच्या वेळीच का? हा मोह आहे हे त्यांनी जाणले. सांता मारिया देल मार या मंदिरात आपल्या शिक्षकांना नेऊन त्यांनी सारे सांगितले आणि वचन दिले : या गावात भाकरी-पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे एकही धडा चुकवणार नाही.

तेव्हाच्या स्पेनमध्ये आतल्या प्रकाशाचा दावा करणाऱ्यांवर धर्मन्यायालयाची करडी नजर होती. १५२७ मध्ये सालामांका येथे दोमिनिकन धर्मगुरूंनी त्यांना पेचात पकडले : देवाविषयी बोलायचे तर एक तर विद्येच्या बळावर, नाहीतर पवित्र आत्म्याच्या. तुम्ही शिकलेले नाही, मग? ‘पवित्र आत्म्याच्या’ म्हणावे तर धोका, न म्हणावे तर नदीकाठचा दिवस नाकारल्यासारखे. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, याविषयी अधिक बोलायला नको. बावीस दिवस तुरुंगात साखळीने बांधून ठेवले. शिकवणीत चूक सापडली नाही; तरी आणखी चार वर्षे शिकल्याशिवाय काही विषयांवर बोलायचे नाही, अशी अट घातली गेली. मग ते शिकायला पॅरिसला गेले.

तिथे त्यांच्या खोलीत राहणारा एक तरुण म्हणजे फ्रान्सिस झेवियर. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. दर डिसेंबरात आपण बेळगावकडून जुन्या गोव्याला ज्यांच्या सणाला जातो, ते हेच.

रोममध्ये शेवटच्या वर्षांत सहकाऱ्यांनी फार आग्रह केल्यावर इग्नेशिअस यांनी आपली कहाणी सांगितली, स्वतःला ‘यात्रेकरू’ म्हणत. नदीकाठी समजलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, एवढे ते बोलले. कोणत्या, ते सांगितले नाही.