काळा धागा फिका का दिसला?

गेल्या दिवाळीआधी आमच्या गटातल्या एकीकडे रंगकाम झालं. भिंत राखाडी हवी होती, ती दिसायला लागली हिरवट. 'डबा चुकीचा आणलास' म्हणून तिने रंगाऱ्याचे पाचशे रुपये अडवून धरले. आम्हीही तिचीच री ओढली. पुढे तिने लालभडक पडदे धुवायला काढले आणि भिंत आपोआप राखाडी झाली!

असाच आळ दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या रंगाऱ्यांवर आला होता. तिथल्या गोबेलँ कारखान्यात राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायची चित्रं लोकरीत विणत. १८२४ साली मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनतज्ज्ञ तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. तक्रार अशी, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला दिलेला काळा धागा फिका पडतो. शेव्रल यांनी दुसऱ्या कारखान्यांतला काळा धागा मागवून शेजारी ठेवून पाहिला. रंगाऱ्यांच्या कामात खोट नव्हतीच. निळ्यालगत पाहताना आपला डोळा त्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची झाक शेजारच्या रंगावर चढवतो, म्हणून काळा मळकट दिसतो. लाल पडद्यांशेजारची राखाडी हिरवट दिसते ती याचमुळे.

या शोधावर त्यांनी १८३९ साली जाडजूड ग्रंथ काढला. त्यात भिंतीचे कागद, खुर्च्यांची कापडं, चित्रांच्या चौकटी, सगळ्याचा विचार आहे. तांबूस लाकडाच्या खुर्चीला लाल कापड लावू नये, लाकडाचा तांबूसपणा मरतो, असं ते सांगतात. हिरवं लावलं की तोच खुलतो. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या पूरक रंगांच्या जोड्या. शेजारी बसल्या की एकमेकींना उजळवतात. हिरव्या लुगड्याला लाल काठ निवडणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, ते सोडा.

मात्र खोलीत दोन्ही रंग सारखेच झाले तर डोळे चुरचुरतात. भिंत फिक्या निळ्या रंगाची असेल तर नारिंगी दोन उशांपुरताच ठेवावा. आणि रंग ठरवताना डब्याच्या झाकणावरचा ठिपका पाहून भागत नाही. हातभर जागा रंगवून घ्यावी, पडदा शेजारी धरावा, सकाळी पाहावी, दिवा लावूनही पाहावी.

पाचशे रुपये आम्ही दोघी-तिघी जाऊन रंगाऱ्याला देऊन आलो. पडदे अजून तिथेच आहेत. लग्नातले आहेत, काढणार नाही म्हणते.