कुडी किती ग्रॅमची?

मावसभावाच्या लग्नात आईची मोत्याची कुडी हरवली. मूळची आजीची. कार्यालयातल्या सतरंज्या झटकल्या, बेसिनच्या जाळीत टॉर्च मारला, गाडीच्या सीटखाली हात घालून पाहिलं. तेवढ्यात एका काकांनी झाडणाऱ्या मावशींची पिशवी बघायला मागितली. मावशींनी काही न बोलता ती टेबलावर रिकामी केली. डबा, चार्जर, गोळ्यांचं पाकीट. कुडी नव्हती.

मग पोलीस चौकी. हवालदारांनी विचारलं, "किती ग्रॅमची? मोती किती? शेवटची कधी पाहिली?" आई चाळीस वर्षं ती कुडी घालत होती, पण मोती सात की आठ हे तिला सांगता येईना. शेवटी तिनं दुसऱ्या कानातली काढून दिली. हवालदारांनी मोजून लिहून घेतलं, सात.

एखादा बग सापडला नाही की मी त्या कोडची जुनी हिस्टरी वाचत बसतो. इथंही तेच केलं. हवालदारांचे प्रश्न साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे निघाले! मनुस्मृतीची 1927 साली महाडला होळी झाली आणि ती योग्यच झाली असं मी मानतो. तिच्याच आठव्या अध्यायात हरवलेल्या वस्तूंबद्दल नियम आहेत. मालक ठाऊक नसलेली वस्तू राजानं तीन वर्षं सांभाळायची. कोणी दावा केला तर त्याला रंग, रूप, माप, हरवल्याची जागा आणि वेळ विचारायची. उत्तरं बरोबर आली तर वस्तू परत, नाही तर वस्तूच्या किमतीएवढा दंड. सिक्युरिटी क्वेश्चनच म्हणा. त्या हिशेबानं आईला दंड भरावा लागला असता.

हे झालं हरवणाऱ्याचं. सापडणाऱ्याचं काय होतं, ते कालिदासानं 'शाकुंतला'त दाखवलंय. शकुंतलेची अंगठी पाण्यात पडते आणि एका कोळ्याला माशाच्या पोटात मिळते. तो ती विकायला काढतो, तेव्हा शिपाई त्याला चोर ठरवून बांधतात, त्याच्या जातीची टिंगल करतात. अंगठीवर राजाचं नाव कोरलेलं असतं, म्हणून खरं काय ते उघड होतं. राजा अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस देतो. त्यातलं अर्धं कोळी शिपायांना देतो आणि मग सगळे मिळून दारू प्यायला जातात.

नाटकात कोळ्याला राजानं सोडवलं. इंग्लंडमध्ये 1722 साली अशाच एका गरीब मुलाला कोर्टात न्याय मिळाला. धुराडी साफ करणाऱ्या आर्मरी नावाच्या मुलाला एक रत्नजडित दागिना सापडला. किंमत विचारायला तो डेलमिरी नावाच्या सोनाराकडे गेला. दुकानातल्या शिकाऊ पोऱ्यानं वजन करायच्या निमित्तानं खडे काढून घेतले. मुलाला दीड पेनी देऊ केली, ती त्यानं नाकारली, तर रिकामं कोंदण हातात ठेवलं. न्यायमूर्ती प्रॅट यांनी निकाल दिला, की खरा मालक सोडून बाकी सगळ्यांच्या विरुद्ध सापडणाऱ्याचा हक्क टिकतो. खडे हजर करत नसाल, तर ते सर्वोत्तम प्रतीचे होते असं धरून भरपाई द्या. मला हा भाग फार आवडला. पुरावा दडवणाऱ्याच्या डोक्यावरच त्याचं ओझं.

आपल्याकडे 1860च्या दंडसंहितेत कलम 403 खाली उदाहरण होतं तेही अंगठीचंच. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर तो गुन्हा. आता न्याय संहितेत हा गुन्हा कलम 314 खाली येतो. 1872च्या करार कायद्यात आणखी एक गंमत आहे. मालकानं ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर सापडणारा त्यासाठी दावा लावू शकतो आणि ते मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो. तेव्हा ग्रुपवर बक्षिसाचा आकडा टाकताना जरा जपून.

कुडी अजून मिळालेली नाही. गेल्या रविवारी घरातल्या प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून, सोनाराकडून वजन करून शीटमध्ये भरलं. उरलेली कुडी सव्वातीन ग्रॅम, मोती सात. कार्यालयात मावशींना भेटायला आई दोनदा जाऊन आली. त्यांनी काम सोडलं म्हणे, आणि त्यांचं नाव विचारायचं त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.