२६ जून १८८८ : बालगंधर्वांचा जन्म

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ मध्ये त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या स्त्री-भूमिकांवर प्रेक्षक अक्षरशः लुब्ध होते. त्यांच्या नेसण्या-माळण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत! बोलपटांनी नाटक मंडळ्यांची गर्दी ओढली, तेव्हा १९३५ मध्ये ते ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरच्या आक्षेपाने ते बदलावे लागले. पडद्यावर मात्र बालगंधर्व रमले नाहीत. ‘वन्समोअर’वर फुलणाऱ्या गायकाला कॅमेऱ्यासमोर दाद कोण देणार? ते रंगभूमीवर परतले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.