अम्लपित्त आणि ज्येष्ठमधाची मुळी

घशाशी आंबट येते, छातीत जळजळते, तोंड येते, लघवीला आग होते. या सगळ्या तक्रारींना आपल्याकडे एकच नाव आहे : ‘उष्णता झाली’. अशा वेळी थर्मामीटर लावून पाहिला, तर ताप नसेल तेव्हा पारा नेहमीच्या 37 अंश सेल्सिअसच्या आसपासच थांबतो. मग ही उष्णता कोणती? वर्गात एखाद्या मुलीने हा प्रश्न विचारला, तर आपण काय सांगणार? ‘ती खुळी समजूत आहे’ असे म्हणणे सोपे आहे, आणि ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. यापेक्षा एखाद्या जुन्या औषधाचा इतिहास शेवटपर्यंत तपासणे आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते. त्यासाठी आपण ज्येष्ठमध घेऊ.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. आयुर्वेदात पदार्थ ‘उष्ण’ की ‘शीत’ हे त्याच्या तापमानावरून ठरत नाही. तो खाल्ल्यावर शरीरावर जो परिणाम होतो असे मानले जाते, त्यावरून ठरते. आवळा चवीला आंबट, तरी तो शीत मानला जातो आणि पित्तावर दिला जातो. तेव्हा ‘उष्ण-शीत’ ही अनुभवावरून केलेली वर्गवारी आहे. ती थर्मामीटरने मोजता येत नाही आणि लिटमस कागदानेही नाही. मात्र तिच्या आधारे दिलेले औषध गुण देते की नाही, हे तपासता येते.

‘अम्लपित्त’ हा शब्द चरकसंहितेत येतो, पण तिथे त्याला वेगळा अध्याय नाही. काश्यपसंहितेत आणि इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या माधवनिदानात तो स्वतंत्र रोग म्हणून भेटतो. माधवाने दिलेली लक्षणे पाहा : अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, अंग जड वाटणे, छाती व घसा जळणे, तोंडाला चव नसणे. आजचा डॉक्टरही यातली बरीच लक्षणे अशीच टिपून घेईल. निरीक्षण चोख होते. पोटात नेमके काय आहे हे पाहण्याचे साधन मात्र त्या काळी कुणाजवळच नव्हते.

या विकारावर सांगितलेल्या वनस्पतींपैकी एक म्हणजे यष्टिमधु, आपला ज्येष्ठमध. हे झुडूप दक्षिण युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यातले. त्याची गोड मुळी व्यापारी मार्गांनी इकडे येत राहिली. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात तिची नोंद केली आहे. शक लोकांच्या प्रदेशातली ही मुळी तहान भागवते, असे तो सांगतो. एकमेकांपासून दूरच्या समाजांनी तिला औषधात घेतले, यावरून ती गुणकारी आहे हे सिद्ध होत नाही. पण तपासून पाहण्याजोगी आहे, एवढे नक्कीच म्हणता येते.

जठरातले आम्ल ओळखायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1824 मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे दाखवले. 1822 मध्ये अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली होती. त्याच्या पोटाला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून दोऱ्याने बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून पचन कसे होते ते पाहिले आणि 1833 मध्ये आपली निरीक्षणे छापली.

आता ज्येष्ठमधाकडे परत येऊ. 1946 मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्येष्ठमधाचा अर्क घेणाऱ्या रुग्णांचे जठरातले व्रण, म्हणजे अल्सर, बरे होत होते. पण त्याच्या नजरेतून दुसरीही गोष्ट सुटली नाही. साधारण पाचातल्या एकाच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येत होती. गुण आणि दोष दोन्ही त्याने नोंदवले, म्हणूनच पुढचे संशोधन होऊ शकले.

या मुळीतल्या ग्लिसिरायझिनपासून कार्बेनोक्सोलोन हे औषध ब्रिटनमध्ये तयार झाले. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे रिचर्ड डॉल यांनी सहकाऱ्यांसह त्याची चाचणी घेऊन 1962 मध्ये निष्कर्ष मांडले. जठरातले व्रण या औषधाने लवकर भरत होते. जठरापुढच्या आतड्यातल्या व्रणांना मात्र तसा फायदा दिसला नाही. हे औषध आम्लाला मारत नव्हते, तर मुख्यतः जठराच्या अस्तराचे संरक्षण वाढवत होते.

सुजेचे कोडे उलगडायला बराच काळ गेला. आपल्या शरीरातले कॉर्टिसोल हे संप्रेरक मूत्रपिंडात एका विकरामुळे निष्प्रभ होते. ज्येष्ठमधातला घटक त्या विकरालाच अडवतो, हे 1987 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवले. मग कॉर्टिसोल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते. शरीरात पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम बाहेर टाकले जाते. पोटॅशियम फार घटले तर हृदयाची लय बिघडू शकते. ग्लिसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमधही करून पाहिला गेला, पण 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जठराच्या व्रणांवर तो औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

दरम्यान 1976 मध्ये आम्लाचा स्राव कमी करणारे सिमेटिडीन बाजारात आले आणि कार्बेनोक्सोलोन मागे पडले. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना व्रणांमागे एक जीवाणू सापडला. त्यासाठी 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘आम्ल नाही तर व्रण नाही’ असे मानणाऱ्या आधुनिक वैद्यकालाही आपले स्पष्टीकरण बदलावे लागले.

या कहाणीतून वर्गात काय न्यावे? जुन्या वैद्यांचे निरीक्षण मोलाचे असू शकते, त्यांचे स्पष्टीकरण बदलले तरीही. आणि जी मुळी शरीरावर काही परिणाम करते, ती नको तो परिणामही करू शकते. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे. घशाला बरे वाटावे म्हणून कधीतरी काडी चघळणे वेगळे आणि रोज चमचाभर चूर्ण महिनोन्महिने घेणे वेगळे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. जळजळ आठवडे टिकली, गिळायला त्रास झाला, वजन घटले किंवा शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर घरगुती उपायांवर वेळ न घालवता तपासून घ्यावे.

विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. घरी ‘उष्णते’वर काय काय देतात याची यादी करायची आणि प्रत्येक उपायापुढे तीन प्रश्न लिहायचे : कोणाला बरे वाटले, काही न घेता बरे वाटले असते का, आणि कोणाला त्रास झाला? यातला तिसरा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. रेव्हर्सने तो विचारला होता.